सांधा मोडून वीट

वसुबारसेच्या आधीच्या रविवारी सोलापूरच्या दक्षिण कसब्यात किंवा शुक्रवार पेठेत सकाळी फेरी मारली, तर दोन-चार मुलं कुणाच्या तरी बांधकामावरून विटा पळवताना दिसण्याची शक्यता बरीच असते. दोन्ही हातांत मिळून एकच वीट, पोटाशी धरलेली, आणि मागून गवंड्याचा ओरडा. भाजलेल्या विटेचं वजन तीन किलोच्या आसपास असतं. सात वर्षांच्या पोराला ते भरपूर झालं. विटा जमल्या की दगडगोटे, मुरूम, जुनं पोतं आणि कुंड्यांमधली माती गोळा होते. घरातली वडीलधारी माणसं कुंड्यांबद्दल कुरकुरतात, पण दिवाळीच्या किल्ल्याला नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही.

मुलांनी स्वतः उभारायचा याहून मोठा खेळ महाराष्ट्रात दुसरा नाही. त्याला शिक्षक नाही, गुण नाहीत, पुस्तक नाही. सोलापुरात त्यात आणखी एक गंमत असते. गावाच्या मधोमध अस्सल भुईकोट किल्ला आहे, बहामनी काळातला, दुहेरी तटाचा, खंदकाचा, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव असलेला. पण पोरं बांधतात रायगड नाहीतर प्रतापगड. सपाट गावातल्या मुलांना डोंगरी किल्ल्याची ओढ, कारण महाराजांचं सिंहासन उंचावर ठेवायचं असतं आणि मावळे पायवाटेनं वर चढवायचे असतात. भुईकोटात चढण कुठून आणणार? मात्र एका बाबतीत ही पोरं गावाच्या परंपरेला धरून आहेत. भुईकोटाच्या बांधकामात जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले आढळतात. म्हणजे तो बांधणाऱ्यांनीही माल दुसऱ्याच्या बांधकामावरूनच आणला होता.

पहिला धडा माती देते. सोलापूरची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. रविवारी गुळगुळीत लिंपलेला तट सोमवारी दुपारपर्यंत भेगाळतो. धाकट्यांना वाटतं, कुणीतरी मोडला. थोरल्यांना माहीत असतं. ते मुरूम मिसळायला सांगतात किंवा कुणाच्या तरी मामाच्या गावाहून पांढरी माती मागवतात. या भागातल्या जुन्या घरांच्या माळवदावर पांढरी माती पसरत, ती काळीसारखी तडकत नाही म्हणूनच. मोठ्यांच्या घरांचे पायेही काळी माती ओलांडून खाली मुरमापर्यंत न्यावे लागतात. जे ठेकेदार हे टाळतात, त्यांच्या भिंतींवर दोन-तीन पावसाळ्यांत तिरक्या भेगा दिसू लागतात. दहा वर्षांच्या पोराला ही गोष्ट एका दिवसात कळते.

दुसरा धडा विटांचा, आणि या प्रकरणाचा खरा विषय तोच. लहान मूल वीट ठेवतं, तिच्यावर बरोब्बर दुसरी, तिच्यावर तिसरी. शेजारी चिकटून तसाच आणखी एक मनोरा, मग आणखी एक. लांबून पाहिलं तर भिंत उभी राहिलेली दिसते. पाचव्या-सहाव्या थराला कुणाचं तरी कोपर लागतं आणि मधला मनोरा एकटाच बाहेर कोसळतो. बाजूचे दोन्ही जागच्या जागी. मूल त्या फटीकडे बघत बसतं. भिंत पडली असती तर अख्खी पडायला हवी होती. इथे एकच रांग पडली. म्हणजे ती भिंत नव्हतीच, एकमेकांना खेटून उभे तीन खांब होते. हे त्याला शब्दांत सांगता येत नाही, पण पुढच्या वेळी हात वेगळा चालतो.

कधीतरी, योगायोगानं किंवा शेजारच्या बांधकामावर बघून, वरची वीट खालच्या दोन विटांच्या सांध्यावर येऊन बसते. गवंडी याला सांधा मोडणं म्हणतात. सांधा मोडला की प्रत्येक वीट खालच्या दोघींवर टेकते, वरून येणारं वजन रुंद पसरतं, आणि एकीला धक्का लागला तर आजूबाजूच्या तिला धरून ठेवतात. पण लगेच नवी अडचण उभी राहते. ओळीच्या टोकाला अर्ध्या विटेएवढी जागा रिकामी उरते. अख्खी वीट ठेवली तर बाहेर येते, काही नाही ठेवलं तर खिंडार. मग ते पोर ढिगाऱ्यात अर्धी वीट शोधत फिरतं. त्याच्या वर्गात अपूर्णांक यायला अजून अवकाश असतो, पण अर्ध्याची गरज त्याला आजच पडलेली असते. गरज आधी आणि चिन्ह नंतर, हा क्रम शाळेत सहसा उलटा होतो.

हे सगळं जमतं याचं कारण वीट ही मुळात मापात बांधलेली वस्तू आहे. आजची प्रमाणित वीट १९ × ९ × ९ सेंटीमीटरची असते. सांध्यातला मसाला धरला की ती २० × १० × १० होते. दोन विटा आडव्या ठेवल्या की एका उभ्या विटेची लांबी भरते, म्हणून कोपरे जुळतात. हडप्पा संस्कृतीतल्या विटांमध्ये जाडी, रुंदी आणि लांबीचं प्रमाण १:२:४ असं सापडतं. १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये कॅरोलिन प्रॅट या बाईंनी छोट्या मुलांसाठी शाळा काढली आणि त्यांच्यासाठी साध्या, बिनरंगाच्या लाकडी ठोकळ्यांचा संच तयार केला. मूळ ठोकळ्याची मापं होती १⅜, २¾ आणि ५½ इंच. भागून पाहा, तेच १:२:४. प्रॅटबाईंनी हडप्पाची नक्कल केली असं म्हणायची सोय नाही, कारण त्या संस्कृतीचा शोध जाहीरच झाला १९२४ मध्ये. हाताला जुळणारं आणि एकमेकांत बसणारं माप शोधत गेलं की माणूस फिरून तिथेच पोचतो, असं दिसतं. (आमच्या जिल्ह्यातली सगळ्यांत प्रसिद्ध वीट पंढरपुरात आहे. पुंडलिकानं फेकलेल्या त्या विटेचं माप घ्यायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही.)

ठोकळ्यांना शाळेत आणलं ते प्रॅटबाईंच्या कितीतरी आधी, जर्मनीतल्या फ्रीडरिख फ्रोबेल यांनी. त्यांनी तरुणपणी बर्लिनमध्ये स्फटिकांच्या संग्रहावर काम केलं होतं. मोठा आकार छोट्या सारख्या आकारांनी बनतो आणि फोडला की पुन्हा त्यांतच मोकळा होतो, हे तिथे त्यांच्या मनात पक्कं बसलं असावं. १८४० मध्ये त्यांनी आपल्या बालशाळेला किंडरगार्टन हे नाव दिलं. मुलांना क्रमानं द्यायच्या साहित्याला ते ‘देणग्या’ म्हणत. तिसऱ्या देणगीत दोन इंची घन आठ छोट्या घनांत कापलेला असे, आणि चौथ्यात तोच घन आठ चपट्या विटांत. फरक किरकोळ वाटतो, पण घन कसाही फिरवला तरी सारखाच, तर वीट आडवी, उभी आणि काठावर अशा तीन तऱ्हांनी ठेवता येते, आणि दर वेळी उंची बदलते. प्रशियाच्या सरकारला ही शाळा इतकी धोकादायक वाटली की १८५१ मध्ये तिच्यावर बंदी आली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारले.

ही कल्पना सोलापूरला फार उशिरा आलेली नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या मेरी हार्डिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात इथे किंडरगार्टनचं काम उभं केलं. १८७७ च्या जुन्या गिरणीपासून सोलापूर गिरणगाव म्हणून वाढत होतं. गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या त्या गावात तीन-चार वर्षांच्या मुलांनी बसून खेळायचं आणि त्याला शिक्षण म्हणायचं, हे लोकांना किती विचित्र वाटलं असेल याची कल्पना करावी. आजही फार वेगळं वाटत नाही. बालवाडीतून आलेल्या मुलाला पहिला प्रश्न असतो, ‘आज काय लिहिलं?’ काय बांधलं, असं कुणी विचारत नाही.

आणि विचारलंच तर फार लवकर विचारतात. हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ मध्ये मुलांच्या ठोकळ्यांच्या खेळाच्या पायऱ्या नोंदवून ठेवल्या, आणि कुठल्याही अंगणवाडीत तासभर बसलं तर त्या आजही ओळखू येतात. दोन वर्षांचं मूल ठोकळे नुसतं इकडून तिकडे नेतं. आईला वाटतं, पसारा घालतंय. ते वजन, कडा आणि आपल्या मुठीची मर्यादा अजमावत असतं. मग ओळी आणि मनोरे येतात. त्यानंतर दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा टाकून पूल. हा पूल साधायला खूप खटपट लागते, कारण दोन खांबांमधलं अंतर आधीच ठरवावं लागतं, म्हणजे अजून न ठेवलेल्या ठोकळ्याचा विचार करावा लागतो. पुढे चारी बाजूंनी बंद अंगण, मग डावीकडे तसंच उजवीकडे अशी नक्षी. आपण बांधतोय ते काय आहे, याला नाव देणं त्याच्याही नंतर येतं. अडीच वर्षांच्या मुलाला ‘हे काय केलंस रे?’ विचारलं की ते तुमच्या समाधानासाठी ‘घर’ म्हणून मोकळं होतं.

या खेळाचा पुढे गणिताला उपयोग होतो का, हे पालक विचारतातच. अमेरिकेत चार्ल्स वुल्फगँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये बालवाडीतल्या ३७ मुलांचं ठोकळ्यांचं काम तपासून ठेवलं आणि मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. तिसरी-पाचवीत काहीच संबंध दिसला नाही. सातवीत आणि त्यानंतर मात्र चार वर्षांच्या वयात चांगलं बांधणारी मुलं गणितात पुढे दिसली. म्हणजे पाढे पाठ करायच्या वयात फरक नाही, बीजगणित-भूमिती सुरू झाल्यावर आहे. मला यातली तिसरी-पाचवीची नोंद जास्त आवडते, कारण ती पालकांच्या घाईला परस्पर उत्तर देते. अर्थात ३७ मुलं ही काही फार मोठी संख्या नव्हे. दुसरा एक अभ्यास २००७ मधला आहे. घरी ठोकळे पाठवलेल्या दीड ते अडीच वर्षांच्या मुलांची भाषा न पाठवलेल्यांपेक्षा बरी भरली. पण त्या संशोधनाला पैसा एका ठोकळे बनवणाऱ्या कंपनीनं दिला होता, तेव्हा तो वाचताना चष्मा जरा पुसून घ्यावा.

भाषेचं मात्र खरं आहे, त्याला कंपनीची साक्ष नको. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे पद्मशाली विणकरांची वस्ती आहे, तिथल्या अंगणवाडीत ठोकळ्यांभोवती बसलेल्या पोरांकडे कान द्या. एकाचं ‘वर ठेव’, दुसरीचं तेलुगूतलं ‘पैन’, अक्कलकोटकडून आलेल्या तिसऱ्याचं कानडी ‘मेले’. ठोकळा मात्र एकाच जागी जातो. वर, खाली, आत, पलीकडे, आडवा, तिरका, जरासा: हे शब्द चित्राच्या पुस्तकातून शिकवणं महाकठीण. इथे चुकीच्या शब्दाला शिक्षा नसते, फक्त मनोरा पडतो, आणि त्यावर सगळे हसतात.

थोड्या मोठ्या मुलांसाठी एक प्रयोग सांगतो. चार सारख्या विटा घ्या, नाहीतर चार सारखे ठोकळे. टेबलाच्या काठावर एकावर एक रचून सगळ्यांत वरची वीट काठाच्या जास्तीत जास्त बाहेर न्यायची. अंदाज विचारा. बहुतेक जण म्हणतात, अर्धी बाहेर गेली की पडणार. आता वरून सुरुवात करा. सर्वांत वरची वीट तिच्या खालचीपेक्षा अर्धी पुढे, दुसरी तिसरीपेक्षा पाव, तिसरी चौथीपेक्षा एक षष्ठांश, आणि चौथी टेबलाच्या काठापेक्षा एक अष्टमांश. बेरीज होते पंचवीस भागिले चोवीस, म्हणजे एकाहून किंचित जास्त. वरची अख्खी वीट टेबलाच्या बाहेर अधांतरी असते, तरी ढीग उभा राहतो. मापं अगदी काठोकाठची असल्यानं प्रत्यक्षात एखाद-दोन मिलिमीटर मागे घ्यावं लागतं, नाहीतर फुंकरीनंही पडेल. वरची वीट अख्खी बाहेर काढायचा हट्ट असेल तर पाचवी जोडा. खऱ्या कमानीशिवाय, दगड थोडे थोडे पुढे सरकवत आपल्याकडची जुनी देवळं छत कशी मिटवत, हे त्यानंतर वेगळं समजवावं लागत नाही.

प्लॅस्टिकच्या खटक्याच्या ठोकळ्यांनी हा गुरुत्वाकर्षणाचा भाग बराचसा काढून टाकला. लेगो ही डेन्मार्कमधल्या बिलुंड गावची कंपनी. सुताराच्या कारखान्यातून १९३२ मध्ये तिची खेळणी सुरू झाली, आणि आजच्या बनावटीच्या ठोकळ्याचं पेटंट १९५८ मधलं. तेव्हाचा ठोकळा आजच्यात बसतो. आठ खुंट्यांचे सहा सारखे ठोकळे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारांनी जोडता येतात. एवढ्या शक्यता डब्यात असताना सोबत एकाच रचनेची चित्रपुस्तिका देतात, याचं मला कायम नवल वाटतं. पुस्तिकेबरहुकूम विमान झालं की ते काचेच्या कपाटात जातं आणि ठोकळ्यांचं शिकवणं तिथे संपतं. तरी याच ठोकळ्यांनी एका प्राध्यापकाला शहाणं केलं. व्हर्जिनिया विद्यापीठातले लायडी क्लॉट्झ लहान मुलासोबत पूल बांधत होते. एक खांब आखूड पडला. ते आखूड खांबावर चढवायला ठोकळा आणण्यासाठी वळले, तोवर मुलानं उंच खांबावरचा एक काढून टाकला होता. त्यातून निघालेलं संशोधन २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं: काहीतरी सुधारायला सांगितलं की माणसं भर घालतात, कमी करणं त्यांना सहसा सुचत नाही.

महागड्या डब्याला आपल्याकडे उत्तर फार पूर्वीच दिलं गेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत नेलं, तेव्हा मॉन्टेसोरीचं साहित्य परवडणारं नव्हतं. मॉन्टेसोरीचा गुलाबी मनोरा एक ते दहा सेंटीमीटरच्या दहा घनांचा, घासूनपुसून मापात बसवलेला. ताराबाईंनी तत्त्व ठेवलं आणि साहित्य बदललं: शंख, शिंपले, बिया, गोटे, माती. शाळेत मुलं येत नाहीत म्हणून शाळाच अंगणात नेली. एका गोष्टीत मात्र आपण अजून मागे आहोत. किल्ला मुलांचा आणि रांगोळी-भातुकली मुलींची, ही वाटणी कित्येक घरांत आजही तशीच आहे. ठिपके जोडून कमळ काढणाऱ्या मुलीला जागेचं भान कमी असतं असं कोण म्हणेल? पण तिसरी मिती, वजन आणि पडझड तिच्या वाट्याला येत नाही.

विटांवर लिहिताना भट्टीवरची मुलं सोडून पुढे जाणं बरं नाही. दिवाळी सरली की महाराष्ट्रभर नद्यांकाठी वीटभट्ट्या लागतात. चिखल तुडवायचा, साच्यात घालून विटा पाडायच्या, उन्हात उलटवायच्या, रचायच्या. उलटवायचं हलकं काम बघता बघता मुलांच्या अंगावर पडतं. तिथे वीट मोजली जाते ती हजारावर, आणि कुठलीही पाडून पुन्हा रचायची मुभा नसते. ठाणे जिल्ह्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेनं भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची झोपडी. विटांच्याच सान्निध्यात वाढणाऱ्या या मुलांना खेळायला ठोकळे द्यावेत की नाही, असा प्रश्न एखाद्याला पडेल. द्यावेत. हात आधीच तयार आहेत, फक्त मोडायची परवानगी कुणी दिलेली नसते.

घरी संच करायचा तर तो बाजारातून आणायची गरज नाही. सुताराकडे सागवानाचे किंवा कडुलिंबाचे तुकडे उरलेले असतात. त्यांतून १४ × ७ × ३.५ सेंटीमीटरचे चाळीस ठोकळे कापून घ्या. शिवाय दहा अर्धे (७ × ७ × ३.५) आणि दहा दुप्पट लांबीचे. अर्धे विसरू नका, नाहीतर सांधा मोडायला गेलेल्या पोराची पंचाईत होते. माप सुताराला कागदावर लिहून द्या आणि करवतीची जाडी तोच धरेल असं समजू नका, सांगा. कडा पॉलिशपेपरनं घासायच्या, रंग लावायचा नाही. रंगाचा थर मापही बिघडवतो, आणि लाल ठोकळा लालवरच ठेवायचा असा नियम मुलं स्वतःच करून घेतात. पिशवीत कोंबून ठेवण्याऐवजी उघड्या फळीवर लांबीनुसार रचून ठेवले तर मुलाला कुठला हवा ते दिसतं. खेळ फरशीवर मांडू द्या, आणि शक्य असेल तर अशा कोपऱ्यात, जिथला अर्धा झालेला किल्ला रात्री केर काढताना मोडावा लागणार नाही.